रिमांडचा पहिला दिवस

सरकारच्या खर्चाने आरोपीला मिळतो ना वकील, तीच मी. धार जिल्ह्यात ज्यांना स्वतःचा वकील करणं झेपत नाही, त्यांच्या फायली विधिक सहायतेतून माझ्याकडे येतात. माहेर देवासचं, सासर धारचं. घरात मराठी, कोर्टात हिंदी, आणि चिडले की दोन्हींची खिचडी. आमचे पूर्वज राजाच्या कचेरीत कागद लिहीत होते, हे घरातले अजून नाक वर करून सांगतात. मीही कागदच लिहिते, फक्त माझ्या कागदांवर माणसं आत राहतात नाहीतर बाहेर येतात. हे वाक्य मी नव्या वकील मुलींना मोठ्या रुबाबात ऐकवायचे. आता ऐकवत नाही.

दसरा होऊन गेला होता. जिल्ह्यातल्या एका तहसिलीच्या कोर्टातून फाईल आली. आरोपी मंडीत हम्माली करणारा आदिवासी तरुण, पंचविशीच्या आतबाहेरचा. पाठीवर पोतं घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, हेच त्याचं काम. आरोप असा, की त्याने एका बंद घराचं कुलूप तोडून दागिने नेले. त्याच्याकडे काही म्हणजे काही सापडलं नव्हतं. दुसऱ्या एका पकडलेल्या माणसाने पोलिसांपुढे त्याचं नाव घेतलं, एवढंच. हाटाच्या दिवशी सकाळी त्याला उचललं, दुपारी मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं आणि त्याच संध्याकाळी रिमांडवर जेलमध्ये पाठवलं.

त्याची बायको मला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली. सडपातळ, गप्प, ओढणीच्या टोकाला गाठ मारून त्यात कागद बांधलेला. तिने गाठ सोडून सरकारी दवाखान्याचं कार्ड माझ्या हातात दिलं. नवऱ्याला सिकल सेल होता. आमच्याकडच्या आदिवासी वस्त्यांत हा रक्ताचा आजार घरोघरी आहे. थंडी लागली, पाणी कमी पडलं, की रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन कुठेतरी अडकतात आणि माणूस हाडांच्या कळांनी जमिनीवर लोळतो. रोजची गोळी, भरपूर पाणी आणि ऊब, एवढ्यावर तो पोती उचलत होता. ती एवढंच म्हणाली, "ठंड से पहले निकाल दो, बाई."

मी म्हटलं, "निकालूँगी." वकिलाने असा शब्द कधी देऊ नये, हे मला पंचवीस वर्षांपासून ठाऊक आहे. तरी दिला.

जामीन दोनदा मागितला. पहिल्यांदा त्याच कोर्टाने नाकारला, दुसऱ्यांदा जिल्हा कोर्टाने. कारण काय, तर तीन वर्षांपूर्वी एका जत्रेत झालेल्या मारामारीत त्याचं नाव होतं. त्या मारामारीत अर्धं गाव होतं, पण कागदावर याचंच उतरलं. म्हणजे हा "पूर्वीचा गुन्हेगार". दवाखान्याचं कार्ड मी दोन्हीकडे लावलं. दोन्ही आदेशांत एकच ओळ आली, की जेलमध्ये उपचाराची सोय आहे. अशा वेळी माझं डोकं सटकतं. पण डोकं सटकून जामीन होत नाही.

मग राहिला साठ दिवसांचा रस्ता. हा समजून घ्यायला वकील असायची गरज नाही. पोलिसांनी माणूस आत टाकला की अशा गुन्ह्यात त्यांनी साठ दिवसांत तपास संपवून कोर्टात आरोपपत्र द्यायचं. आमच्याकडे त्याला चालान म्हणतात. साठ दिवस उलटले आणि चालान आलं नाही, तर आरोपीला जामीन मिळालाच पाहिजे. गुन्हा केला की नाही, जुनी मारामारी होती की नाही, कोर्टाने काही बघायचं नाही. हा कोर्टाचा उपकार नाही, त्या माणसाचा हक्क आहे. वरच्या कोर्टांनी त्याबद्दल फार सुंदर लिहून ठेवलं आहे. फक्त एक अट आहे. हक्क मागावा लागतो, आणि चालान येण्याआधी मागावा लागतो. अर्ज आधी पडला तर माणूस बाहेर. चालान आधी पडलं तर हक्क तिथेच संपला, जणू कधी नव्हताच.

म्हणजे सगळा खेळ दिवस मोजण्याचा.

दिवस मोजायला मला माझ्या सीनिअरांनी शिकवलं. धारचे जुने वकील, आमच्यासारखेच मराठी, पांढऱ्या पँटला इस्त्रीची धार असलेले. रिमांडचा कागद हातात आला की ते भिंतीवरचं मराठी कॅलेंडर उतरवून टेबलावर घेत. पहिला दिवस सोडून दुसऱ्यापासून मोजत. साठ झाले की त्याच्या पुढच्या तारखेला डायरीत लाल शाईची फुली मारत. फुलीच्या दिवशी सकाळी साडेदहाला अर्ज. मी एकदा विचारलं होतं, पहिला दिवस का सोडायचा? म्हणाले, "अगं, पहिला दिवस अर्धामुर्धा असतो, तो धरू नये. एक दिवस आधी अर्ज दिलास तर कोर्ट म्हणणार अजून वेळ आहे, आणि पोलीस सावध होऊन त्याच दुपारी चालान टाकणार. एक दिवस उशीर परवडतो, घाई नाही." त्या काळी हे बरोबरही होतं. या एका दिवसावरून कोर्टांत कित्येक वर्षं वाद होता. कुणी म्हणे पहिला दिवस धरा, कुणी म्हणे सोडा. सावध वकील सोडत असे.

मग सगळ्यात वरच्या कोर्टाने वाद मिटवला. रिमांड ज्या दिवशी दिला, तो दिवसही मोजायचा. निकाल आला त्याच आठवड्यात मी तो वाचला. विधिक साक्षरतेच्या शिबिरात नव्या वकिलांपुढे उभी राहून तासभर त्यावर बोलले. टाळ्या घेतल्या. आणि हा हम्मालाचा कागद हातात आला, तेव्हा कॅलेंडर उतरवलं, पहिला दिवस सोडला, साठ मोजले आणि पुढच्या तारखेला लाल फुली मारली. हात आपोआप चालला. शिबिरात बोलणारी बाई आणि डायरी भरणारी बाई एकाच खुर्चीवर बसून एकमेकींशी बोलल्या नाहीत.

फुलीच्या दोन दिवस आधी मी देवासला होते. थोरल्या काकांचा तेरावा होता. कन्नौदहून, हाटपिपल्याहून नातेवाईक आलेले, अंगणात मांडव, आत गुरुजी सामान लावतायत. आदल्या संध्याकाळी पुण्याहून आलेल्या चुलतभावाने घोळ घातला होता. त्याच्या हिशेबाने बारावाच होता, तेरावा एक दिवस पुढे. त्याला तेही सोयीचं होतं, त्याचा कुणी साहेब उशिरा पोचणार होता. मी म्हटलं, "दादा, काय मोजतोयस? काका सकाळी वारले. तो पहिला दिवस. माणूस गेला तो दिवस सोडून कसं चालेल?" गुरुजींनी मान डोलावली. हाटपिपल्याची आत्या पडवीतून म्हणाली, "हिच्याशी नको रे वाद घालूस, ही कोर्टात मोजते." सगळे हसले. मीही हसले, आणि पत्रावळी पुसायला बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघाले. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, धारहून पुढची बस. तहसिलीच्या कोर्टात पोचेपर्यंत बारा वाजले. त्या दिवशी मला त्याच मॅजिस्ट्रेटपुढे दुसऱ्या एका केसमध्ये साक्षीदाराची उलटतपासणी होती. हम्मालाचा अर्ज टाइप करून पर्समध्ये तयार होता. त्यावर उद्याची तारीख घातलेली होती.

उलटतपासणी लांबली. साक्षीदार पक्का होता, मी त्याच्यामागे हात धुवून लागले होते. पावणेचारला एक हवालदार फायलींचा गठ्ठा घेऊन आत आला. रीडरच्या, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाच्या, टेबलावर जागा नव्हती, कारण तिथे माझी पर्स होती. "मैडमजी, थोड़ा," तो म्हणाला. मी पर्स उचलून मांडीवर घेतली. त्याने मोकळ्या जागेवर गठ्ठा ठेवला आणि रीडरने वरच्या कागदावर शिक्का मारून वेळ लिहिली.

वरचं नाव मी उलट्या बाजूने वाचलं. माझ्या हम्मालाचं होतं.

आधी फक्त चरफडले. म्हटलं, शेवटच्या दिवशी गाठलंच मेल्यांनी. हवालदार पण खुशीत सांगत होता, "आज साठवाँ दिन है न, साहब बोले देके ही आना." म्हणजे पोलीससुद्धा माझ्यासारखेच मोजत होते. मी सुस्कारा सोडून साक्षीदाराकडे वळले, एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर चालू असताना शिबिरातलं माझंच भाषण आठवलं. पहिला दिवस धरायचा असतो. धरला तर साठ काल संपले. काल रात्री बारापासून तो माणूस हक्काने बाहेर होता. त्याला फक्त एक कागद हवा होता, आणि तो कागद माझ्या मांडीवर होता.

मी मॅजिस्ट्रेटची परवानगी मागून मधेच थांबले. तारीख खोडून अर्ज रीडरला दिला. त्याने चालानाच्या खाली नोंद केली. चार वाजून पाच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सुनावणी झाली. मॅजिस्ट्रेट माझ्या मुलीच्या वयाची, अभ्यासू, आवाज न चढवणारी. मी जिवाच्या आकांताने बोलले. म्हटलं, काल सकाळपासून याचा हक्क तयार होता. याला अक्षरओळख नाही, आजारी आहे, याला कुणी सांगितलं नाही की तुझा हक्क उभा राहिला आहे. कोर्टाने स्वतःहून सांगायला हवं होतं, वरच्या कोर्टांनी तसं म्हटलंही आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी आदराने म्हणाली, "मैडम, वकील नहीं होता तो बताना मेरा काम था. इनके पास तो आप थीं."

आदेशातही तेच आलं. दिवस मोजण्यात मी आता बरोबर होते, हे तिने मान्य केलं. हक्क त्या सकाळी उभा राहिला होता, हेही मान्य केलं. पण चालान येईपर्यंत तो मागितला गेला नाही, आणि अभियुक्तातर्फे अधिवक्ता नेमलेली होती. तिचं चुकलं असतं तर किती बरं झालं असतं. मी तो आदेश दहादा वाचला, कुठे फट सापडते का म्हणून. सापडली नाही. म्हणजे बघा, त्या माणसाला वकीलच नसता, तर त्याच्या बाजूने बोलायला काहीतरी जागा उरली असती. त्याचा हक्क गेला तो त्याला मी होते म्हणून. कायद्याच्या पुस्तकात गरिबाला वकील देणं हाही हक्कच लिहिलेला आहे. एका हक्काने दुसरा खाल्ला.

जिल्हा कोर्टात दाद मागितली, फेटाळली. इंदूरला हायकोर्टात साधा जामीन मागितला. तिथे नंबर लागेपर्यंत पौष उजाडला. त्या वर्षी माळव्यात थंडी अशी पडली, की सकाळी घागरीला हात लावताना अंग शहारायचं. एक दिवस जेलमधून निरोप आला, की त्याला कळा सुरू झाल्या म्हणून दवाखान्यात हलवलं आहे. जेलवाल्यांनी उशीर केला नाही, डॉक्टरांनीही हयगय केली नाही. मला कुणावर खापर फोडायला जागाच मिळाली नाही. मी बघायला गेले तेव्हा तो कुशीवर वळून पडला होता, गुडघे पोटाशी घेतलेले, एक हात बेडीने खाटेला बांधलेला. बायको पायथ्याशी बसून त्याची पोटरी चोळत होती. मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक, जल्दी हो जाएगा, असलंच काहीतरी.

तो वाचला. पण डाव्या खुब्याचं हाड मेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून मला दाखवलं, मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्यापर्यंत रक्तच पोचलं नव्हतं. मी विचारलं, हे बाहेर असता तर झालं नसतं का? डॉक्टर म्हणाले, "कह नहीं सकते. घर पर भी हो सकता था." हे वाक्य मी पुढे कित्येक महिने जवळ बाळगलं. गरज पडली की काढायचे आणि स्वतःला ऐकवायचे. खोटं नव्हतं ते. पण अंगाखाली सतरंजी, अंगावर एक कांबळं आणि दगडी फरशी, हे घर नव्हे, तेही मला कळत होतं.

फेब्रुवारीत हायकोर्टाचा जामीन झाला. पुढे केस चालली, वर्षाच्या वर चालली. ज्याने नाव घेतलं होतं त्याचं बोलणं पुराव्यात टिकणारच नव्हतं, टिकलं नाही. दुसरा पुरावा नव्हताच. माझा हम्माल निर्दोष सुटला. निकालात एक चांगली ओळ होती, की केवळ संशयावरून कुणाचं स्वातंत्र्य हिरावता येत नाही. ती त्याच मॅजिस्ट्रेटने वाचून दाखवली. तो आरोपीच्या कठड्यात काठीवर भार देऊन उभा होता, कारण बराच वेळ उभं राहणं त्याला आता जमत नव्हतं.

बाहेर आल्यावर त्याने माझ्या पायाला हात लावला. वाकताना कण्हला. मी मागे सरकले, तरी लावलाच. मक्याची कणसं आणली होती, ती पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आपने छुड़ाया, बाई. आप नहीं होतीं तो मैं अंदर ही सड़ता." मंडीत आता त्याला कुणी घेत नाही. एका दुकानाबाहेर बसून तो रिकाम्या गोण्या शिवतो. हेही त्याने हसत सांगितलं, जसं काही बसून करायचं काम मिळालं हे बरंच झालं.

त्याची बायको दोन पावलं मागे उभी होती. ती हसली नाही, पाया पडली नाही. माझ्याकडे सरळ बघत राहिली. मला कळलं की तिने नवऱ्याला सांगितलेलं नाही. दीड वर्षात एकदाही नाही.

आता सांगते. वर त्या दिवसाबद्दल लिहिताना मी एक गोष्ट गाळली. लिहायला जिवावर आलं म्हणून गाळली. मी देवासहून आले, बसमधून उतरले, तेव्हा ती कोर्टाच्या फाटकाशी माझी वाट बघत उभी होती. सकाळपासून उभी होती. मला बघताच पुढे आली आणि म्हणाली, "बाई, कल साठ हो गए. अर्जी आज लगेगी ना?"

मी म्हटलं, "कल नहीं, आज साठवाँ है. अर्जी कल लगेगी. पहला दिन नहीं गिनते."

तिला पटलं नाही. वाद घालायचा म्हणून नाही, खरंच कळेना म्हणून तिने विचारलं, "काहे नहीं गिनते? उस दिन भी तो वो अंदर ही था."

आणि मी हसले. प्रवासाने दमले होते, उशीर झाला होता, ते सगळं खरं, पण हसले. तिच्या खांद्यावर थोपटून म्हटलं, "कानून की गिनती अलग होती है, तुम नहीं समझोगी." ती भिंतीच्या सावलीत जाऊन बसली.

तेव्हा बारा वाजले होते. चालान पावणेचारला आलं.